सदोष एअरबॅगची सूचना गाडीच्या आजच्या मालकापर्यंत पोहोचावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या वाहन कंपनीने सुरक्षेच्या कारणावरून काही हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याची बातमी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येते. ती बहुधा अर्थविषयक पानाच्या एखाद्या कोपऱ्यात असते आणि तिच्यात गाडीचे नाव, निर्मितीचा काळ व गाड्यांची संख्या यापलीकडे फारसे काही नसते. ही बातमी आपल्यासाठी आहे, असे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरी जिल्ह्यातील वाचकाला वाटत नाही, कारण त्याची गाडी जुनी असते आणि अनेकदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते. एअरबॅगच्या बाबतीत मात्र ही बातमी सर्वांत आधी त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. त्यामागची कारणे आणि आपल्याकडील व्यवस्थेत राहून गेलेली त्रुटी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एअरबॅग फुगवण्यासाठी हवेचा साठा नसतो, तर स्टीअरिंगच्या मध्यभागी किंवा डॅशबोर्डमध्ये बसवलेल्या धातूच्या एका लहान डबीत रासायनिक इंधनाच्या वड्या असतात. या डबीला इन्फ्लेटर म्हणतात. धडक बसताच सेन्सरकडून आलेल्या विजेच्या संकेताने या वड्या पेटतात आणि त्यांच्यापासून निर्माण होणाऱ्या वायूने सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी वेळात पिशवी फुगते. म्हणजे आपण ज्या वस्तूला सुरक्षेचे साधन म्हणतो, तिच्या पोटात एक नियंत्रित स्फोट दडलेला असतो, आणि तो नियंत्रित राहणे हे पूर्णपणे त्या वड्यांच्या घडणीवर अवलंबून असते.

जपानच्या टाकाटा या कंपनीने साधारण २००० सालानंतर या वड्यांसाठी अमोनियम नायट्रेटवर आधारित इंधन वापरण्यास सुरुवात केली. ते तुलनेने स्वस्त होते, परंतु अमोनियम नायट्रेट हवेतील ओलावा शोषून घेते. आषाढात आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते, तसाच हा प्रकार आहे. डबीत शिरलेला ओलावा आणि दिवसा तापणे, रात्री निवणे असे वर्षानुवर्षे चालणारे चक्र यांमुळे वड्यांना सूक्ष्म भेगा पडतात व त्या सच्छिद्र होतात. अशी वडी पेटली की ती ठरल्यापेक्षा कितीतरी वेगाने जळते, आतील दाब डबीला सोसत नाही आणि धातूच्या डबीचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या किंवा शेजारी बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर आणि छातीवर आदळतात. साध्या खरचटण्यावर निभावल्या असत्या अशा किरकोळ धडकांमध्येही माणसे यामुळे दगावली आहेत. जगभरात अशा मृत्यूंची संख्या तीसहून अधिक आहे. त्यांपैकी काही मृत्यू कोकणाइतक्याच दमट अशा मलेशियात झाले आहेत.

या प्रकरणातील पहिल्या गाड्या २००८ साली परत बोलावल्या गेल्या आणि पुढे ती वाहन उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत मोठी मोहीम ठरली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर बदलण्याचे आदेश निघाले. चाचण्यांची माहिती दडवल्याबद्दल २०१७ साली टाकाटाने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला, शंभर कोटी डॉलरचा दंड मान्य केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. तरीही हा विषय संपलेला नाही. जून २०२५ मध्ये फ्रान्समध्ये एका महिलेचा मृत्यू झाल्यानंतर तेथील सरकारने सिट्रोएनच्या सी-३ व डीएस-३ या जुन्या गाड्या दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर आणू नयेत, असा आदेश दिला.

कोकणाच्या दृष्टीने या साऱ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या निर्णयात आहे. त्या प्रशासनाने देशाचे हवामानानुसार विभाग पाडले आणि फ्लोरिडा, हवाई, पोर्तो रिको व मेक्सिकोच्या आखातालगतचा उष्ण, दमट किनारा यांना पहिला क्रमांक दिला. अशा हवेत हे इन्फ्लेटर सुमारे सहा वर्षांनंतर धोकादायक होऊ शकतात, तर थंड व कोरड्या प्रदेशात त्याला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागतो, असा त्यामागचा निष्कर्ष होता. आता आपल्या किनाऱ्याचा विचार करावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कपाटातील कपड्यांना बुरशी येते. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमधील आणि नंतर एप्रिल-मे मधील उन्हात खळ्यात उभी केलेली बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते, आणि त्या दिवसांतही समुद्रावरून येणारी हवा दमटच असते. उष्णता आणि ओलावा यांचा वर्षभर असा मेळ असलेला प्रदेश महाराष्ट्रात दुसरा नाही. पुण्यात किंवा नागपुरात राहिलेली गाडी आणि वेंगुर्ल्यात राहिलेली त्याच वर्षाची गाडी यांच्या इन्फ्लेटरचे वय कागदावर सारखे असले तरी प्रत्यक्षात सारखे नसते. देशात कोणत्या भागातील गाड्या आधी दुरुस्त व्हाव्यात याचा प्राधान्यक्रम कधी लागला, तर कोकणाचे नाव त्यात वर असले पाहिजे.

भारतातही या मोहिमा झाल्या आहेत. होंडाने २०१६ साली सुमारे १ लाख ९० हजार गाड्या आणि २०१७ च्या सुरुवातीला २०१२ साली तयार झालेल्या ४१,५८० गाड्या टाकाटाचे इन्फ्लेटर बदलण्यासाठी बोलावल्या होत्या. त्यांत सिटी, जाझ, सिव्हिक अशी परिचित नावे होती. टोयोटाने कोरोला अल्टिस बोलावली होती. कंपन्यांनी हे काम विनामूल्य करण्याचे जाहीर केले आणि मालकांना कळवण्याची तयारी दाखवली. प्रश्न असा आहे की कंपनीने कळवले ते कोणाला?

कंपनीच्या किंवा वितरकाच्या नोंदीत ज्याने शोरूममधून गाडी घेतली त्याचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असतो. मुंबई, ठाणे, पुणे येथील मालक सात-आठ वर्षे गाडी वापरतो आणि विकतो. अशा गाड्यांचा एक मोठा ओघ गेली अनेक वर्षे कोकणाकडे वाहत आहे. चाकरमान्याने आपली जुनी गाडी गावच्या भावाला किंवा पुतण्याला दिली, एखाद्याने एजंटामार्फत घेतली, कोणी पर्यटकांना फिरवण्यासाठी घेतली, असे व्यवहार तालुक्या-तालुक्यांत होतात. सूचनेचे पत्र बोरिवलीच्या किंवा डोंबिवलीच्या जुन्या पत्त्यावर जाते आणि गाडी तोवर मालवणात असते. पूर्वीच्या मालकाला गाडीशी कर्तव्य उरलेले नसते, आणि नव्या मालकाला असे काही पत्र निघाले होते याची कल्पना नसते. ज्या गाडीला सर्वांत जास्त धोका आहे, ती जुनी, हात बदललेली आणि किनाऱ्यावर वापरली जाणारी गाडीच नेमकी या व्यवस्थेच्या नजरेतून सुटते.

याचा अनुभव मला स्वतःला आला आहे. माझ्याकडील गाडी मुंबईतील एका कुटुंबाकडून घेतलेली आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकल्यावर चालकाच्या बाजूचा इन्फ्लेटर बदलायचा असून तो बदलला गेलेला नाही, असे दिसले. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेल्यावर आधी सांगण्यात आले की त्यांच्या संगणकात गाडी दुसऱ्याच माणसाच्या नावावर आहे. आरसी बुक दाखवल्यावर, सुटा भाग उपलब्ध नाही, आल्यावर फोन करू, असे उत्तर मिळाले. तो फोन आला नाही. पुढे कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी तक्रार केल्यावर भाग आला आणि काम अवघ्या काही तासांत, एक रुपयाही न घेता झाले. जे काम इतक्या सहज होते त्यासाठी माणसाने इतका पाठपुरावा करावा लागणे योग्य नाही. माझ्याजवळ वेळ होता आणि पत्रव्यवहाराची सवय होती. रोज सकाळी गाडी घेऊन धंद्याला निघणारा माणूस पहिल्याच नकारानंतर परत फिरेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याआधी हा सारा व्यवहार कंपन्यांच्या स्वेच्छेवर होता. दोष कंपनीच्या लक्षात आला तर तिने सरकारला कळवून स्वतःहून मोहीम सुरू करावी, हेही त्या कलमात आहे. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद झाली. हे पाऊल मोलाचे आहे. परंतु या नियमांची व्याप्ती सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरती ठेवण्यात आली आहे. ब्रेक किंवा इंधनपंप यांतील दोष बहुधा पहिल्या काही वर्षांत उघड होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ही मर्यादा कदाचित पुरेशी असेल. काळ आणि हवामान यांनी बिघडणाऱ्या इन्फ्लेटरसाठी मात्र ती उलटी पडते, कारण दमट प्रदेशात त्याचा धोका ज्या वयात सुरू होतो, जवळपास त्याच वयात कायद्याचे संरक्षण संपते. सरकारी आदेशाची तलवार डोक्यावर नसेल तर जुन्या गाडीच्या बाबतीत सर्व काही पुन्हा कंपनीच्या इच्छेवर येते.

नव्या गाड्यांच्या बाबतीत ही व्यवस्था किती चांगली चालू शकते, याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगच्या नियंत्रकात दोष असण्याच्या शक्यतेवरून १७,३६२ गाड्या बोलावल्या. त्या ८ डिसेंबर २०२२ ते १२ जानेवारी २०२३ या काळात तयार झाल्या होत्या, म्हणजे बहुतेक मालकांच्या हातात येऊन काही दिवसच झाले होते. भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये, असेही कंपनीने सांगितले. मालक एकच, पत्ता ताजा आणि दूरध्वनी क्रमांक चालू असल्यामुळे अशी सूचना पोहोचण्यात अडचण नव्हती. दहा-बारा वर्षांच्या गाडीला हीच सोय मिळावी, एवढेच मागणे आहे.

आणि ती देणे अवघड नाही, कारण आजच्या मालकाचे नाव सरकारजवळ आहे. गाडी ट्रान्सफर झाली की परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत नव्या मालकाची नोंद होते. कंपनीजवळ सदोष गाड्यांच्या चासी क्रमांकांची यादी असते. या दोन नोंदी एकमेकींशी जोडल्या की कोणती गाडी आज कोणाकडे आहे आणि तिचा इन्फ्लेटर बदललेला आहे की नाही, हे कळू शकते. जर्मनीत वाहन नोंदणी कार्यालयाच्या माहितीच्या आधारेच मालकांना पत्रे जातात. जपानने २०१८ पासून टाकाटाचे धोकादायक इन्फ्लेटर न बदललेल्या गाड्यांना नियतकालिक तपासणीत उत्तीर्ण करणे थांबवले. ऑस्ट्रेलियाने त्याच वर्षी ही मोहीम सक्तीची केली, काही राज्यांनी दुरुस्त न झालेल्या गाड्यांची नोंदणी रोखली आणि जवळजवळ सर्व गाड्यांचे काम पूर्ण झाले.

आपल्याकडे खासगी गाडीची नियतकालिक तपासणी पंधरा वर्षांपर्यंत नसते, म्हणून जपानची पद्धत जशीच्या तशी चालणार नाही. पण पीयूसी प्रत्येकाला काढावी लागते. पीयूसी केंद्रावर गाडीचा क्रमांक टाकला की तिची माहिती ‘वाहन’ प्रणालीतून येते. त्याच वेळी पडद्यावर ‘या गाडीची एअरबॅग बदलणे बाकी आहे’ अशी सूचना यावी आणि ती मराठीत प्रमाणपत्रावर छापली जावी. माझ्या मते ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दूरवर पोहोचणारी व्यवस्था ठरेल, कारण ज्या गावात कोणत्याही कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही त्या गावाजवळही पीयूसी केंद्र असते. विम्याच्या नूतनीकरणाच्या वेळीही हे करता येईल. या कारणावरून पीयूसी किंवा विमा नाकारावा, असे मात्र मी म्हणणार नाही. दोष कंपनीचा आणि भागाचा तुटवडाही कंपनीचा असताना मालकाची गाडी दारात उभी करणे अन्यायाचे होईल. गाडी विकताना मात्र सक्ती असावी. नमुना २९ व ३० भरून ट्रान्सफर करताना प्रलंबित दुरुस्तीची नोंद घेणाऱ्याला लेखी दाखवणे बंधनकारक केले, तर निदान नवा मालक अंधारात राहणार नाही. जुन्या गाड्यांच्या अधिकृत विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून स्वतंत्र नियम आहेत. त्यांतही हे एक कलम घालता येईल.

वाचकांसाठी काही गोष्टी येथेच सांगणे आवश्यक वाटते. आरसी बुकावरील सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा सर्व्हिस सेंटरला कळवून आपली गाडी यादीत आहे का, हे पाहता येते. गाडी कितव्या हाताची आहे याचा या कामाशी संबंध नाही आणि त्यासाठी पैसे द्यावे लागत नाहीत. डॅशबोर्डवरील एअरबॅगचा दिवा गाडी सुरू केल्यावर लागून विझतो, म्हणून सर्व ठीक आहे, असा समज करून घेऊ नये. तो दिवा फक्त विजेच्या जोडणीतील बिघाड दाखवतो, डबीतील वड्या खराब झाल्या आहेत की नाही हे त्याला कळत नाही. गॅरेजमधील अनुभवी फिटरलाही ते वरून पाहून सांगता येणार नाही. दुसरीकडे, हा दिवा सतत लागून राहिला म्हणून तो बंद करून देणारे काही जण असतात. असा दिवा विझवून घेणे म्हणजे अपघातात एअरबॅग उघडेल या भरवशावर बसणे आणि ती न उघडणे. भंगारातील गाडीची एअरबॅग आणून बसवण्याचा प्रकार तर पूर्णपणे टाळला पाहिजे, कारण ती कोणत्या मोहिमेतील आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

हे वाचून कोणी एअरबॅगलाच घाबरू नये. बहुसंख्य गाड्यांतील एअरबॅग निर्दोष आहेत आणि सीटबेल्टच्या जोडीने त्या जीव वाचवतात. जुन्या गाड्यांपैकी ठरावीक कंपन्यांच्या, ठरावीक वर्षांच्या गाड्यांनाच हा धोका आहे, आणि म्हणूनच त्या शोधून काढणे शक्य आहे.

चिपळूणमधील २२ जुलै २०२१ च्या महापुराचाही येथे उल्लेख करायला हवा. त्या दिवशी असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. एअरबॅगचे नियंत्रण करणारा संगणक बहुतेक गाड्यांत दोन्ही सीटच्या मध्ये, खाली जमिनीलगत बसवलेला असतो, त्यामुळे पुराचे पाणी आत शिरले की तो सर्वांत आधी भिजतो. अशा गाड्यांपैकी किती गाड्या नुसत्या वाळवून, इंजिन सुरू करून विकल्या गेल्या असतील आणि आज कोणाकडे असतील, हा विचार अस्वस्थ करतो. पुरात बुडालेल्या गाडीची नोंद विमा कंपनीकडे असते, ती नोंदही आरसीच्या माहितीत दिसली पाहिजे.

कंपन्यांना माझी विनंती आहे की त्यांनी कोकणाला कोल्हापूरच्या किंवा गोव्याच्या सर्व्हिस सेंटरचे शेपूट समजू नये. काही कंपन्यांचे अधिकृत केंद्र आमच्या तालुक्यात नाही, आणि इन्फ्लेटर बदलण्यासाठी फोंडा घाट किंवा आंबोली चढून जाणे म्हणजे एका दिवसाचा रोजगार बुडणे. हा खर्च दोष निर्माण करणाऱ्याने सोसायला हवा. गणेशोत्सवाच्या आधी महामार्ग क्रमांक ६६ वर मोफत तपासणी शिबिरे घेतली जातात, त्यांत टायर, ब्रेक आणि ऑईल पाहतात. त्याच शिबिरात चासी क्रमांक तपासून ज्यांचे काम बाकी आहे त्यांची नावे लिहून घ्यावीत आणि भाग आल्यावर ठरलेल्या दिवशी कुडाळ, कणकवली, लांजा, खेड अशा ठिकाणी फिरते पथक पाठवावे. इन्फ्लेटर बदलण्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, प्रशिक्षित माणूस आणि योग्य सुटा भाग लागतो. काम झाल्यावर जॉब कार्डावर त्याची स्पष्ट नोंद द्यावी, म्हणजे पुढे गाडी विकताना ती दाखवता येईल.

जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी सात वर्षांच्या मर्यादेचा प्रश्न संसदेत मांडावा. काळाने बिघडणाऱ्या सुरक्षा साधनांना, म्हणजे एअरबॅग आणि सीटबेल्ट यांना, ही मर्यादा लागू नसावी, एवढी एक ओळ नियमात आली तरी पुष्कळ होईल. ज्यांना सर्व्हिस सेंटरकडून नकार मिळतो त्यांनी तो तोंडी न घेता लेखी मागावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये धोकादायक वस्तू परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही आहे, आणि तक्रारींची संख्या दिसल्याशिवाय तो वापरला जाण्याची शक्यता कमी आहे.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. अशी मोहीम जाहीर झाली की ती बातमी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या आवृत्तीत पहिल्या दोन पानांवर द्यावी, तिच्यात गाडीचे मॉडेल व निर्मितीचे वर्ष यांबरोबर चासी क्रमांक कोठे तपासायचा आणि जवळचे अधिकृत केंद्र कोणते, हेही छापावे. पूर्वीच्या ज्या मोहिमा अजून पूर्ण झालेल्या नाहीत, त्यांची यादी एकदा गणपतीपूर्वी आणि एकदा मे महिन्याच्या सुटीत, चाकरमानी गाड्या घेऊन गावी येतात त्या काळात प्रसिद्ध करावी.

आपला नियमित वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग